साहेबाचा कोट आणि माझा गाऊन

माझा जन्म कोलशेतचा, खाडीच्या अंगाला आमचं घर, आता तिथं वीस-वीस माळ्यांचे टावर आहेत ते सोडा, तवा भाताची शेतं होती आणि शेतं संपली की मिठागर, आणि माझा बापूस मिठागरावर कामाला. वत्सला माझं नाव, लग्नाआधीची म्हात्रे, आता भोईर, शहाडला दिली मला. तुम्ही कुत्र्यांचं विचारायला आलात, पण कुत्र्यांचं सांगायचं तर मला कोलशेतपासूनच यावं लागेल, नाय तर तुम्हाला काय कळणार नाय मी त्या दिवशी एवढी का रडले ते. आणि माझी भाषा अशीच येणार, सून म्हणते आई फोनवर आगरी नका बोलू, टावरची माणसं घाबरतात, म्हणून जरा सुधारून बोलते, पण राग आला की परत तीच येते.

तर काय सांगू तुम्हाला, भात कापून झालं की आमच्याकडे सशाला जायचे. पुरुष माणसं, हातात काठ्या, आणि गावची कुत्री. आता बंदी आहे, कायदा आहे, आणि बरं आहे बंदी आहे ते, पण तवा कोण विचारत नव्हतं. आमची गावठी कुत्री म्हणजे मुकी, तोंडातून आवाज नाय, ससा डोळ्यांनी दिसला की सुटायची, दिसेनासा झाला की जीभ काढून परत. पण तिथं एका फॅक्टरीत एक साहेब होता, नाव त्याचं लांबलचक, आम्ही साहेबच म्हणायचो, त्याच्याकडे दोन इंग्रजी कुत्री होती, बुटकी, पांढरी-तांबडी-काळी, कान हे एवढे लोंबणारे. बीगल. तवा हे नाव मला माहीत नव्हतं, आता रोज घेते तोंडात. एक टॉमी आणि एक रूबी. दर रविवारी थंडीत साहेब त्यांना घेऊन यायचा आणि माझा बापूस त्याला वाट दाखवायला जायचा, कुठं चिखल आहे, कुठं बांध फुटलाय.

ती कुत्री डोळ्यांनी धावायचीच नाय हो. नाक जमिनीला लावायची आणि ससा दिसो न दिसो, त्याच्या वासावर धावायची, आणि धावताना गायची. भुंकणं नाय ते, भुंकणं वेगळं, हे लांब, आऊ, आऊ असं, घरात बसून पण कळायचं कुठल्या शेतात आहेत. साहेबाकडे बंदूक नाय, काठी नाय, तो नुसता मागे पळायचा, धापा टाकत, आणि कुत्र्यांनी ससा धरलाच तर बापसाला देऊन टाकायचा. गाव हसायचं, म्हणायचे हा माणूस ससा खात नाय, ससा ऐकतो. पण बापूस हसायचा नाय. त्याला त्या साहेबाचं एक आवडायचं, की साहेबाला पण माहीत होतं ससा सरळ पळत नाय म्हणून. ससा गोल जातो. कितीही लांब गेला तरी मोठा फेरा मारून जिथून उठला तिथंच परत येतो, त्याला आपली जागा सोडवत नाय, आणि वासावरचं कुत्रं पण मग त्याच्या मागून तिथंच येतं. म्हणून दोघं एका जागी उभे राहायचे गप्प. बापसाला फार नाय बोलता यायचं हिंदी, साहेबाला मराठी नाय, पण दोघांचं जमायचं कारण बोलायचंच नव्हतं.

मी नऊ वर्षांची असेन. एका रविवारी संध्याकाळी टॉमी आला आणि रूबी आली नाय. हाका मारून झाल्या, अंधार पडायला लागला, तर साहेबाने काय केलं, अंगातला खाकी कोट काढला, कोपरावर चामड्याचे तुकडे लावलेला, आणि जिथून कुत्री सोडली होती तिथं गवतावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, आणि गेला घरी. म्हणजे रूबी कधी पण आली तरी तिला मालकाचा वास मिळेल आणि ती तिथंच बसून राहील, दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जायची. हे बापसाला माहीत होतं, त्यांची तशी रीतच होती. पण बापूस घरी येऊन बोलला नाय, दमलेला, जेवला आणि झोपला, आणि पहाटे मिठागरावर गेला. मला कोण सांगणार?

सकाळी मी बापसाची भाकरी घेऊन त्याच वाटेने चाललेली. बघते तर साहेबाचा कोट. मला वाटलं विसरला. एवढा चांगला कोट, कोणी उचलून नेला तर नाव आमच्या बापसावर येईल, बरोबर तोच असतो ना. म्हणून मी शहाणी, दगड बाजूला केले, कोट खांद्यावर टाकला, आधी घरी पळत गेले आणि आवशीला दिला. आवस म्हणाली बरा केलास सोकरे, नाय तं कोणीतरी नेला असता. आणि मंग तिने काय केलं? त्याला चिखल लागलेला, कुत्र्याचा वास येत होता, आता साहेबाचा कोट असा घाणेरडा कसा परत द्यायचा, म्हणून तिने तो साबण लावून दोनदा घासला, दोरीवर टाकला, आणि दुपारी तांब्यात निखारे भरून त्याच्यावर इस्त्री पण फिरवली. आमच्या घरात कधी कोणाच्या कपड्याला इस्त्री झाली नव्हती. मला भाकरी पोचवायला उशीर झाला म्हणून बापूस ओरडला, तेव्हा पण मी कोटाचं बोलले नाय, म्हटलं संध्याकाळी दाखवू, खूश होईल.

साहेब दुपारी फॅक्टरीतून तिथं येऊन गेला म्हणे, त्याला वाटलं कोट चोरीला गेला. बापूस संध्याकाळी आला आणि ओट्यावर घडी करून ठेवलेला कोट बघितला आणि दारातच उभा राहिला. ह्यो कोट कोनी आनला? मी उड्या मारत, मीनी! मारलं नाय त्याने मला. कोट उचलला आणि माझा हात धरला आणि आम्ही शेतात गेलो, पळतच. तिथं ते चार दगड होते मी बाजूला केलेले, आणि ओल्या मातीत पावलं, कुत्र्याची बारकी पावलं, त्या दगडांच्या भोवती गोल, गोल, किती वेळा फिरली असेल ती, आणि मंग एक रांग निघून गेलेली खाडीकडे. रूबी आलेली हो. ती बरोबर आली होती. आम्हीच तिची जागा उचलून नेली.

परत नाय सापडली ती. बापूस मला घेऊन साहेबाच्या बंगल्यावर गेला, कोट द्यायला, आणि त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं खरं सांगितलं. साहेबाने कोट नाकाला लावला. साबणाचा वास. मंग माझ्याकडे बघून म्हणाला, बहुत अच्छा धोया, बेटी. आणि तोंड फिरवलं. काय सांगू तुम्हाला, त्याने एक थोबाडीत मारली असती तर मी विसरून गेले असते.

लग्न होऊन शहाडला आले. नवरा मिलमध्ये, थोडी शेती नदीकडे, मंग मिल गेली, मंग शेती पण बिल्डरला गेली, त्याची रडगाणी मी गात नाय, घर चांगलं बांधलं, मुलगा निलेश मार्गी लागला, नवरा सुखाने गेला. पण कुत्री माझ्या दारात कायम. एकदा एका टावरवाल्या मॅडमना गणपतीला गावी जायचं होतं, त्यांचं कुत्रं आठ दिवस ठेवलं, त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, असं करत करत आता घरामागे पत्र्याची शेड आहे, सहा कप्पे, पंखे लावलेत, सून दर्शना मोबाइलवर फोटो टाकते, बोर्डिंग म्हणतात त्याला. नवरा असता तर हसून मेला असता, म्हणाला असता वत्सले, पोरांना बोर्डिंगला टाकायची ऐपत नव्हती आपली.

आता बंडूचं. वर्तकनगरला कांबळे मॅडम आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या, त्यांचा बीगल. इंग्रजी कुत्रा आणि नाव बंडू. त्यांच्या मिस्टरांनी आणलेला, मिस्टरांनीच नाव ठेवलेलं, आणि मिस्टर दोन वर्षांमागे वारले. मूल नाय. मॅडमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, दहा दिवसांसाठी बंडूला माझ्याकडे आणला, आणि निघताना म्हणाल्या, वत्सलाताई, माझ्या घरात बोलायला आता हाच आहे. एवढंच म्हणाल्या. मी त्या कुत्र्याकडे बघितलं, तेच कान, तेच डोळे. दुसरं कुठलं पण कुत्रं द्या, हे नको, असं ओठावर आलेलं. पण घेतला.

आणि लाडावला. बाकीची कुत्री शेडमध्ये झोपतात, हा माझ्या मांडीवर. पिशवीतलं त्याचं खाणं त्याला नको, तांदळाची भाकरी पाहिजे, आणि मी द्यायची, दहा दिवसांत मान अशी जाड झाली की पट्टा रुतायला लागला. शेवटचा दिवस, मॅडम पाच वाजता न्यायला येणार, मी सकाळी सातला त्याला फिरवायला नदीकडच्या मोकळ्या जागेत नेला, आमचीच शेती होती ती, आता पत्र्याचं कुंपण आहे, आत गवत कमरेएवढं, वॉचमन ओळखीचा आहे. म्हटलं मॅडमना मानेवर वळ दिसायला नको, म्हणून पट्टा एक भोक सैल केला. एकच्या ऐवजी दोन केली असणार. कारण दहा पावलं गेलो नाय तोवर त्याच्या पायातूनच ससा उठला.

तीस वर्षांत मी तिथं ससा बघितला नव्हता. बंडूने मान खाली घातली, मागे ओढली, आणि पट्टा माझ्या हातात, बंडू गवतात. आणि त्याने सूर लावला. आऊ, आऊ. तुम्हाला खरं सांगू? घाबरले नंतर. पहिल्यांदा मला आनंदच झाला. पन्नास वर्षांनी तो आवाज ऐकला मी, कोलशेतचं सगळं, बापूस, साहेब, थंडी, सगळं एकदम आलं अंगावर, आणि हातात रिकामा पट्टा धरून मी वेड्यासारखी हसत उभी होते. मंग आवाज लांब लांब गेला आणि माझं हसणं थांबलं.

निलेशला फोन लावला. तो मोटरसायकल घेऊन आला, दोन मित्र घेऊन आला, तिघं ओरडायला लागले, बंडू, बंडू, बंडू. मी म्हटलं अरे गप बसा रे, ओरडू नका, तो नाकावर गेलाय, कानावर नाय, तो ससा गोल फिरवून त्याला इथंच आणणार आहे. निलेश म्हणाला आई, तू वेडी आहेस का, त्या बाजूला रेल्वे आहे, त्या बाजूला हायवे आहे, आता काय तुझ्या लहानपणीचं खाडीकाठचं मोकळं खाजण आहे का? आणि ते काय खोटं नव्हतं. जागा आता होती किती, पूर्वी ससा अर्धा कोस फिरायचा. ते गेले शोधत. मी दर्शनाला फोन केला, म्हटलं बंडूची चादर घेऊन ये, जिच्यावर तो झोपतो ती, लवकर. तर ती म्हणते, आई, ती काल धुतली ना मी, तुम्हीच म्हणालात मॅडम येणार आहेत, सगळं स्वच्छ करून द्यायचं. चादर, टॉवेल, त्याचं खेळणं, सगळं धुवून, कम्फर्टमध्ये बुडवून वाळत टाकलंय.

मी कपाळाला हात लावला. पन्नास वर्षांनी परत तोच साबण! आवस गेली, बापूस गेला, आणि मी तीच, शहाणी, सगळं धुवून ठेवणारी.

मंग माझ्या लक्षात आलं, अंगावरचा गाऊन. दोन दिवस तोच होता, ह्याच गाऊनवर तो मांडीत झोपलेला, ह्यालाच भाकरी सांडलेली, ह्यालाच त्याची लाळ. पण आता भर सकाळी शेतात गाऊन काढून कसा पसरायचा, तुम्हीच सांगा! मंग गाऊनसकट मीच बसले. जिथून ससा उठला तिथंच, बरोबर त्याच जागेवर, गवत दाबून, मांडी घालून. म्हटलं आता मला कोणी उचलून दाखवावं.

वॉचमन आला, माताजी, इधर बैठना मना है, साहब लोग आएंगे. त्याला सांगितलं, भाऊ, मेरा कुत्ता गया है, वो इधरही आएगा, मैं हिली तो वो नाय आएगा. त्याला काय समजलं काय माहीत, पण पाण्याची बाटली आणून दिली आणि जाताना म्हणाला, गाव में हमारी भी माँ ऐसी ही जिद्दी है. नऊ वाजले, दहा वाजले. दहाला एकदा आवाज आला नदीच्या बाजूने, मंग बंद. मंग काहीच नाय. रेल्वेचा भोंगा वाजला की मी हातातला पट्टा आवळून धरायची. गुडघे असे दुखायला लागले, मांडी सोडली, पाय पसरले, पण जागा नाय सोडली. निलेश दोनदा येऊन ओरडून गेला, तिसऱ्या वेळी स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर ठेवून गेला. मला सारखं एकच, मॅडम पाच वाजता काळा चष्मा लावून येणार, डोळा नवीन केलेल्या, आणि पहिलं बघायचं काय त्यांनी, माझ्या हातातला रिकामा पट्टा? आणि मी काय बोलणार, चादर बहुत अच्छा धोया?

तीन वाजले असतील. गवत हललं, मला वाटलं आला, आणि आला ससा. काय सांगू तुम्हाला, माझ्यापासून हे एवढ्यावर, हात लांब केला तर लागेल. मातीसारखा रंग, मानेवर काळा डाग, तोंड उघडं, बरगड्या धाड धाड. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याची जागा होती ना ती, मी त्याच्या घरात बसले होते. बापूस असता तर इथंच काठी घातली असती, त्यासाठीच तर उभं राहायचं. मी श्वास धरला. मनात म्हटलं, जा बाबा, तू आणलंस त्याला, आता तू सुट. आणि तो माझ्या पायावरून, खरं सांगते, पसरलेल्या पायावरून उडी मारून पत्र्याखालून निघून गेला.

आणि मंग बंडू. गात नव्हता आता, आवाज बसलेला, नुसता घसा घासत होता, नाक जमिनीला, चिखलाने काळा, वर बघत पण नव्हता. तसाच वास घेत घेत माझ्या पायापर्यंत आला, आणि गाऊनला नाक लागलं आणि थांबला. तिकडे ससा गेलेला ताजा वास, इकडे मी. एकदा तिकडे बघितलं त्याने, एकदा माझ्याकडे. मी हात लावला नाय, हात लावला तर पळेल. आणि मंग त्याने एवढा मोठा उसासा सोडला, माणसासारखा, आणि माझ्या मांडीत डोकं घातलं. मी दोन्ही हातांनी गच्च धरला आणि तोंडातून बंडू नाय आलं, रूबी आलं. रूबी, रूबी करत मी अशी रडले की तो वॉचमन धावत आला, त्याला वाटलं साप चावला.

पाच वाजता मॅडम आल्या. निलेश म्हणाला आई, काही बोलू नको, मिळाला ना, विषय संपला. पण मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं, पट्ट्यापासून कोलशेतपर्यंत, म्हटलं मॅडम, तुम्हाला परत माझ्याकडे ठेवायचा नसेल तर नका ठेवू. त्या कितीतरी वेळ बंडूच्या कानातली कुसळं काढत बसल्या. मला वाटलं आता उठतील आणि जातील. मंग म्हणाल्या, वत्सलाताई, मिस्टर गेले त्या दिवशी त्यांचा शर्ट खुर्चीवर होता. तो मी दोन वर्षं धुतला नाही. बंडू त्याच्यावर झोपतो. बहीण म्हणते घाण आहे, टाकून दे. मला सांगता येत नव्हतं तिला का टाकत नाही ते, आता येईल. आणि काळ्या चष्म्याखालून त्यांच्या गालावर पाणी, मी म्हटलं अहो डोळ्याचं ऑपरेशन झालंय, रडू नका, तर त्या हसायलाच लागल्या, आणि मी पण.

ह्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्यांच्या. बंडू माझ्याकडेच आहे, तो बघा, कान हलवतोय, त्याला कळतं त्याचंच चाललंय. पट्टा आता छातीचा आणलाय, मानेचा नाय. आणि ह्या वेळी मॅडमनी त्याच्याबरोबर पिशवीत तो शर्ट दिला, दोन वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर काढला म्हणाल्या. नुसतं म्हणाल्या, धुवू नका हं. मी म्हटलं मॅडम, मी आता जन्मात नाय धुणार.

साहेब काय आता नसेल, असेल तर शंभरीला आला असेल, कुठं पण असो, सुखात असो, त्याचं एक कुत्रं मी घालवलं आणि एक परत आणलं असं मी मनाला सांगते, आणि मला झोप लागते हो आता, खरंच लागते, ती दगडाभोवतीची पावलं स्वप्नात यायची ती नाय येत. तो बघा तिकडे खुंटीला माझा गाऊन, तोच, त्या दिवसाचा, आणि त्याच्या बाजूला मिस्टरांचा शर्ट. दर्शना रोज म्हणते, आई, शेडमध्ये वास येतो त्याचा. म्हटलं येऊ दे गं, त्याच्यासाठीच तर टांगलाय.